डोकं कोण धुणार?

इस्तंबूलच्या विमानतळावर मुंबईच्या विमानाची वाट बघत होतो, तेव्हा त्या गेटपाशी माझ्यासारखे अजून चार जण होते. कपाळावर काळी पट्टी, डोक्याच्या मागे बँडेज, गळ्यात नालाच्या आकाराची उशी, टाळूवर हजारो लाल ठिपके. पाचही जण एकमेकांपासून जमेल तितके लांब बसलेले. त्यातला एक फोनवर आईशी बोलत होता, चक्क मराठीत. "हो गं, ऑफिसचं काम संपलं. उद्या पोचतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काचेबाहेर पाहिलं. मीही घरी हेच सांगून आलो होतो.

तिथल्या विमान कंपनीला लोक गमतीने 'टर्किश हेअरलाइन्स' म्हणतात. विनोद मलाही माहीत होता, पण त्या गेटपाशी कोणीच हसत नव्हतं.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. माझ्या डोक्याचं गुपित आता गुपित राहिलेलं नाही, त्यामुळे मित्र आणि मित्रांचे मित्र मला मेसेज करतात. प्रश्न एकच असतो, "एकूण किती लागतात?" मी माझी एक्सेल शीट पाठवून द्यायचो. दोघांना पाठवली. तिसऱ्याला पाठवताना एकदा उघडून पाहिली आणि लक्षात आलं, की ही शीट खोटी आहे. आकडे खरे आहेत, पण शीट खोटी आहे. हा लेख म्हणजे ती शीट मी जाहीरपणे मागे घेतोय असं समजा.

शीट

सन २०२४च्या जानेवारीत केलेली ती शीट अशी होती. पॅकेज २,४०० युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण २,१६,०००. विमान ५२,०००. व्हिसा, विमा, कागदपत्रं १८,०००. दोन जादा रात्री, जेवणखाण, पुणे-मुंबई टॅक्सी मिळून २६,०००. वरखर्च १०,०००. एकूण ३,२२,०००. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा पासपोर्टवर नसेल तर आपल्याला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळत नाही, स्टिकर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. हेही मी लाल रंगात नोंदवलं होतं. इतका मी शिस्तीचा.

पॅकेजमध्ये ऑपरेशन, तीन रात्रींचं हॉटेल, विमानतळावरून न्यायला काळी गाडी, दुभाषा, औषधांची पिशवी आणि ती उशी. सगळं 'ऑल इन्क्लुझिव्ह'. हा शब्द आपल्यावर जादू करतो. केदारनाथला न्या नाहीतर केस लावायला न्या, 'सगळं त्यांच्याकडेच आहे' म्हटलं की आपण निर्धास्त होतो.

आणि स्वस्तही वाटतं. तुर्कस्तानचं चलन कोसळलेलं आहे. सन २०१८च्या सुरुवातीला एका डॉलरला चार लिरासुद्धा मिळत नसत, २०२४च्या सुरुवातीला तीस मिळत होते. तिथल्या क्लिनिकचा खर्च लिरात आणि कमाई युरोत. युरोपातल्या माणसाला ते आपल्या गावच्या भावात पडतं. पण मी पुण्याचा माणूस. कर्वे रोडवरच्या एका डॉक्टरांनी मला त्याच कामाचे १,१०,००० सांगितले होते. मग मी जवळजवळ तिप्पट पैसे देऊन सात तास उडून का गेलो?

हा प्रश्न माझ्या शीटमध्ये कुठेच नव्हता. उत्तर सोपं आहे, पण लाजिरवाणं. कर्वे रोडवर मला कोणीतरी पाहिलं असतं. इस्तंबूलला गेलो की मी 'ट्रिपला' गेलो. दहा दिवस गायब, मग टोपी, मग वर्क फ्रॉम होम, मग एक दिवस केस. मी दोन लाख जास्त मोजले ते चांगल्या डॉक्टरसाठी नाही. कोणाला कळू नये यासाठी मोजले. आपण परदेशातली सर्जरी विकत घेत नाही, गुप्तता विकत घेतो. आणि पुढे सांगतो तसं, तीच आपल्याला सगळ्यात महाग पडते.

'आहेस तसा छान आहेस'

इथे एक खुलासा करायला हवा. मी उपदेश करायला बसलेलो नाही. "स्वतःला स्वीकार, केस म्हणजे काय एवढं" असं मला आजवर ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांच्या डोक्यावर केस होते. स्थळं बघताना मुलीकडच्यांनी 'मुलगा जरा मोठा वाटतो' असं कळवलं, तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. ते दुःख खोटं नव्हतं. आणि दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करणं हा काही आजच्या पिढीचा चाळा नाही.

पुण्यात राहणाऱ्यांना तर हे माहीत असायला हवं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४च्या ऑक्टोबरात एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. टिपूविरुद्धच्या १७९२च्या युद्धात तो पकडला गेला, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो नाकाशिवाय जगला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडण्याचा पिढीजात धंदा असलेल्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं. ते छापून आल्यावर युरोपातल्या सर्जननी यावरून धडे घेतले. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने १८१४ साली याच पद्धतीने ऑपरेशन केलं. तेव्हा जग आपल्याकडून शिकलं.

नाक कापलं जाणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नाक ही अब्रू आहे. कावसजीला श्वास तर घेता येतच होता, त्याला तोंड दाखवायचं होतं. म्हणून दिसण्याच्या शस्त्रक्रियेला 'थेरं' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. शरीर माझं, पैसे माझे, लाजही माझी. माझं भांडण ऑपरेशनशी नाही. सात दिवसांच्या टूरच्या आकारात ते कापून विकणाऱ्या पॅकेजशी आहे, आणि त्या आकाराला बजेट म्हणणाऱ्या माझ्या शीटशी आहे.

तिथे नेमकं काय होतं

पुरुषांचं नेहमीचं टक्कल ही हळूहळू चालणारी, आयुष्यभराची गोष्ट आहे. डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे पुढचे आणि टाळूवरचे केस बारीक होत जातात, शेवटी उगवत नाहीत. मागच्या पट्ट्यातल्या केसांवर त्याचा सहसा परिणाम होत नाही. ट्रान्सप्लांट म्हणजे तिथले केस मुळासकट एकेक काढून पुढे लावायचे. नवा केस तयार होत नाही. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात. आणि मागचा खिसा मर्यादित आहे. काही हजार ग्राफ्ट, तेही आयुष्यभरासाठी. एकदा उधळले की संपले.

जाहिरातीत हे उलटं सांगतात. "ब्रदर, चार हजार ग्राफ्ट, मॅक्सिमम!" जणू थाळीत अनलिमिटेड पुरी आहे. मागून जास्त उपसलं तर तिथे कुरतडल्यासारखं दिसतं, हे कोणी सांगत नाही. आणि पुढे लावलेले केस टिकले तरी त्यांच्या मागचे मूळचे केस गळतच राहतात. औषध चालू नसेल तर काही वर्षांनी कपाळावर केसांचं बेट आणि मागे समुद्र. म्हणून फिनास्टराइड, मिनॉक्सिडिल ही औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. त्यातल्या पहिल्याचे काहींना लैंगिक दुष्परिणाम होतात, त्यामुळे ते घ्यायचं की नाही हे डॉक्टरसमोर बसून ठरवायचं असतं. माझ्या वाट्याला डॉक्टर आला तो सहा-सात मिनिटं. त्याने मार्करने कपाळावर रेघ ओढली, दुभाष्याला काही सांगितलं आणि गेला. पुढचे आठ तास दोन तरुण मुलं आणि एक मुलगी माझ्या डोक्यावर काम करत होते. हात सफाईदार होते, वागणं चांगलं होतं. पण ते कोण होते, काय शिकले होते, हे मला आजही माहीत नाही. केस काढणं आणि लावण्यासाठी छेद देणं ही कामं पात्र डॉक्टरनेच करावीत, असं हेअर ट्रान्सप्लांट करणाऱ्या सर्जनांची आंतरराष्ट्रीय संघटना सतत सांगते. हे मी परत आल्यावर वाचलं. आधी मी व्लॉग बघत होतो.

त्या व्लॉगमध्ये तरी काय असतं? बोस्फरसवरची बोट, बकलावा, हॉटेलची गादी, शेवटी 'बिफोर-आफ्टर'. बिफोर आणि आफ्टरच्या मधलं वर्ष कोणी दाखवत नाही. लावलेले केस पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक गळून पडतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवायला लागतात. खरं काय हाती लागलं ते कळायला वर्ष लागतं. तुमचं पॅकेज तिसऱ्या रात्री संपलेलं असतं.

परतल्यावर

चौथ्या दिवशी पुण्याला आलो. पुढचे दहा-बारा दिवस डोकं रोज धुवायचं होतं. फोम लावायचा, थांबायचं, कोमट पाणी वरून हळू सोडायचं, घासायचं नाही, बोटांच्या टोकांनी फक्त टेकवायचं. स्वतःच्या टाळूवरचं स्वतःला दिसत नाही. रूममेट गावी गेलेला. सहाव्या दिवशी मी आरशात बघत एकट्याने धुतलं, हात कुठेतरी लागला आणि पाण्यात रक्त दिसलं. मागे पुटकुळ्या आल्या होत्या, अंगात कणकण होती. रात्री अकराला क्लिनिकच्या को-ऑर्डिनेटरला फोटो पाठवले. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "नॉर्मल ब्रदर", आणि एक अंगठा.

पुण्यातल्या एका स्किनच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, काय काय औषधं दिलीत, किती ग्राफ्ट, कोणी केलं? माझ्याकडे तुर्की भाषेतला एक कागद होता. "उद्या या, बघू," त्या म्हणाल्या. दुसऱ्याचं काम निस्तरताना जो नाखुशीचा सूर असतो, तो त्यांच्या आवाजात होता. त्यांचं काही चुकलं नाही.

मग मी नाशिकला घरी फोन केला. तोवर घरी मी 'ऑफिसच्या कामाला' दुबईत होतो.

पप्पा पहिल्या एसटीने आले. एसटीच्याच वर्कशॉपमधून ते रिटायर झालेत. दारात माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढली आणि एवढंच विचारलं, "किती दिवस धुवायचंय?"

नऊ दिवस त्यांनी माझं डोकं धुतलं. मी बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर, ते मागे तांब्या घेऊन उभे. इंजिनाचे बोल्ट फिरवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते हात इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मागून म्हणाले, "माझे तिशीच्या आतच गेले. मलाही लाज वाटायची रे." मी काही बोललो नाही. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत ते फेट्यात आहेत. घरातल्या घरात, जेवणाच्या पंगतीतसुद्धा. मी तो अल्बम शंभरदा पाहिला असेल आणि मला कधी प्रश्न पडला नव्हता.

ज्या माणसासारखं दिसू नये म्हणून मी साडेचार हजार किलोमीटरहून जास्त लांब गेलो, त्यानेच माझं डोकं धुतलं. हे मी दोन वर्षं आधी घरी बोललो असतो तर कदाचित ऑपरेशन केलंच असतं. पण रिक्षाने जाऊन केलं असतं.

गप्प बसलेलं गिऱ्हाईक

आज माझे पुढचे केस बरे आहेत. मागचा पट्टा विरळ झालाय, न्हावी दर वेळी विचारतो. या क्लिनिकविरुद्ध मी काय केलं? काहीच नाही. रिव्ह्यूसुद्धा लिहिला नाही, कारण तिथे माझं नाव आणि फोटो दिसला असता.

या धंद्याचं खरं भांडवल इथे आहे. खराब फ्रिज मिळाला तर माणूस सोसायटीच्या ग्रुपवर बोंब मारतो. खराब हेअरलाइन मिळाली तर टोपी घालतो. समाधानी गिऱ्हाईक व्हिडिओ बनवतं, फसलेलं तोंड लपवतं. मग नेटवर चांगलंच दिसणार. आपली लाज हे त्यांचं फुकटचं मार्केटिंग आहे.

बरं, तक्रार करायची तर कुठे? भारतात डॉक्टरविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येतं, सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच ते स्पष्ट केलंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. तारखा पडतील, चपला झिजतील, पण दार तरी आहे. इस्तंबूलच्या क्लिनिकला पुण्याच्या ग्राहक आयोगातून खेचणार कसं? विमाही नाही. माझ्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं, की उपचारासाठीच केलेल्या प्रवासाला संरक्षण नाही. घरच्या मेडिक्लेममध्येही कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतर अवयव पूर्ववत करण्यासाठी केलेली सर्जरी तेवढी अपवाद. सन २०२५च्या मे महिन्यात तुर्कस्तानवर बहिष्काराची लाट आली, तेव्हा पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं घेणं थांबवलं. सफरचंद नाकारता येतं. डोक्यावर लावलेलं कुठे परत करणार?

यावरून कोणी 'म्हणजे आपलंच चांगलं' असा निष्कर्ष काढू नये. मुंबईत २०१९च्या मार्चमध्ये एका व्यावसायिकाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत मृत्यू झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२च्या सप्टेंबरमध्ये लेखी सांगावं लागलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्लास्टिक सर्जन किंवा रीतसर सर्जिकल शिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ हवा. सांगावं लागलं, यातच सगळं आलं. फरक एवढाच, की इथे चुकलं तर चुकवणाऱ्याच्या दारात उद्या सकाळी उभं राहता येतं. कावसजीचं नाक बिघडलं असतं, तर ज्याने बसवलं त्याची भट्टी त्याला माहीत होती.

नवी शीट

तर आता खरा हिशेब. जुने ३,२२,०००. त्यात स्किनच्या डॉक्टरांची फी आणि अँटिबायोटिक ९,४००. वर्षभराची औषधं १४,०००. मागचा पट्टा सावरायला पीआरपीच्या चार सिटिंग, २०,०००. बिनपगारी रजा ३२,०००. कार्डावर घेतलेल्या रकमेचं व्याज १९,०००. एकूण ४,१६,४००. आणि औषधांचे १४,००० दर वर्षी, किती वर्षं ते विचारू नका.

पण मला नुसता आकडा वाढवायचा नाही. मला रकाने बदलायचे आहेत. पहिल्या रकान्यात पैसे नकोत, नाव हवं. हातात हत्यार धरणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक. क्लिनिकचं नाव नाही, को-ऑर्डिनेटरचं तर नाहीच. दुसऱ्या रकान्यात जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाची वर्षभराची फी, ऑपरेशनच्या आधीच्या वर्षाची. औषधांनी गळती थांबते का हे आधी कळू दे, तोवर पैसे बँकेत राहतील. तिसऱ्या रकान्यात पॅकेजच्या निदान एक तृतीयांश रक्कम, हात न लावता, परतल्यानंतरसाठी. ती बाजूला काढता येत नसेल तर ती ट्रिप तुम्हाला परवडत नाही, ईएमआय कितीही गोड वाटो. चौथ्यात दहा वर्षांची औषधं. हे फक्त केसांपुरतं नाही. दात बसवायला, नाक सरळ करायला, चरबी काढायला बँकॉक नाहीतर इस्तंबूलची तिकिटं बघणाऱ्या प्रत्येकाला हेच रकाने लागू आहेत. जाण्याचं बजेट एजंट करून देतो. आपलं बजेट परतीचं विमान उतरल्यावर सुरू होतं.

आणि शेवटचा रकाना. तिसऱ्या मित्राला मी जुनी शीट पाठवली नाही, ही पाठवली. त्याचं लगेच उत्तर आलं, "भावा, निबंध नको, फायनल आकडा सांग."

मी लिहिलं : चार लाख सोळा हजार चारशे. पण सगळ्यात खाली एक पिवळा रकाना आहे, तो आधी भर. परत आल्यावर तुझं डोकं कोण धुणार? नाव लिही. लिहायला नाव नसेल, तर तिकीट काढू नकोस. नाव असेल, तर आधी त्या माणसाशी बोल. मग आकड्यांचं बघू.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तराची वाट बघतोय.